एका अक्षराचा दोष

मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कल्याणच्या पुढें उल्हासनगर, अंबरनाथ व कुळगांव-बदलापूर हीं तीन नगरें एकापाठोपाठ लागतात. पैकीं अंबरनाथ येथील शिवालय इतिहासभक्तांच्या पूर्ण परिचयाचें आहे. कुळगांव व बदलापूर हीं उल्हास नदीच्या खोऱ्यांतील जुनीं गांवें म्हणून माहीत असतात. उल्हासनगरचें वय मात्र अद्याप शंभर वर्षांचेंहि नाहीं, म्हणून जुन्या कागदांत रमणारे आमच्यासारखे लोक तिकडे सहसा वळत नाहींत. प्रस्तुत लेखांत या परिसरास लागू असा एक निराळा विषय विचारास घेण्याचें योजिलें आहे. मनुष्याच्या रोगाचें मूळ शरीरांतील पेशींत, आणि पेशींच्याहि आंत असलेल्या रेणूंच्या रचनेंत शोधण्याचा जो उद्योग गेल्या पावणेदोनशें वर्षांत झाला, तो हा विषय होय. हें काम वैद्यांचें, त्यांत इतिहाससंशोधकांनीं कां पडावें, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर आरंभींच देतों. या शोधाची रीत आणि अनेक पोथ्या ताडून शुद्ध पाठ ठरविण्याची आपली रीत यांत फारसें अंतर नाहीं; शिवाय या शोधास उपयोगी पडेल असें कांहीं साधन आपल्याच दप्तरांत पडून आहे.

प्रथम अंबरनाथच्या शिलालेखाचें उदाहरण घेऊं. हा लेख डॉ. भाऊ दाजी यांनीं प्रथम प्रसिद्धीस आणला, तेव्हां त्यावरील शक त्यांनीं ७८२ असा वाचला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं लेख पुन्हां तपासून तो ९८२ असा लाविला, आणि तेंच वाचन आज सर्वमान्य आहे. म्हणजे देवालयाचा काळ इ. स. ८६० नसून १०६० ठरला. बदलला तो एकच अंक. परंतु तेवढ्यानें देवालय दोनशें वर्षें पुढें आलें व शिलाहार राजा मामवाणि याच्या कारकीर्दींत नीट बसलें. शिलेवरील एका चिन्हांत किती इतिहास गुंतलेला असतो, हें यावरून दिसतें. येथें आणखी एक योग लक्षांत घेण्याजोगा आहे. भाऊ दाजी हे मुळांत वैद्य. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना होते, आणि कुष्ठरोगावर गुणकारी औषध शोधण्यासाठीं त्यांनीं दीर्घकाळ खटपट केली. ते १८७४ सालीं निवर्तले. त्याच्या आदल्याच वर्षीं नॉर्वे देशांत हॅन्सेन यांस कुष्ठाचा जंतु सूक्ष्मदर्शकाखालीं दिसला होता. शिलालेख वाचणारा आणि रोगाचें कारण वाचूं पाहणारा असा हा एकच पुरुष आपल्या विषयाच्या उंबरठ्यावर उभा आहे.

रोगाचें अधिष्ठान कोठें मानावें, याचाहि एक इतिहास आहे. आपल्याकडे वात, पित्त व कफ यांच्या वैषम्यास रोगाचें कारण मानीत. यूरोपांतहि शरीरांतील रसांचें वैषम्य हीच उपपत्ति शतकानुशतकें चालत आली. १७६१ सालीं इटलींतील मोर्गान्यी यांनीं मृत शरीरें उघडून पाहून रोग अवयवांत असतो असें दाखविलें. १८५८ सालीं जर्मनींतील रुडॉल्फ फिर्खो यांनीं तो अवयवांतील पेशींपर्यंत नेऊन पोंचविला. त्यानंतर सुमारें नव्वद वर्षांनीं, १९४९ सालच्या नोव्हेंबरांत, अमेरिकेंतील लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. १९१० सालीं शिकागोच्या हेरिक यांनीं वर्णिलेल्या एका पंडुरोगांत रक्ताच्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वांकड्या होतात. अशा रोग्याच्या रक्तांतील हिमोग्लोबिन विद्युत्क्षेत्रांत निराळ्या गतीनें सरकतें, असें पॉलिंग यांस आढळलें, आणि हा रेणूचा रोग आहे असें त्यांनीं स्पष्ट म्हटलें. १९५६-५७ सालीं इंग्रज संशोधक इनग्रॅम यांनीं दोष नेमका कोठें आहे तें दाखवून दिलें. हिमोग्लोबिनाच्या बीटा नामक सांखळींत १४६ दुवे असतात. त्यांपैकीं सहाव्या स्थानीं ग्लुटॅमिक आम्लाऐवजीं व्हॅलिन आलें होतें, एवढाच काय तो फरक. रोग अवयवांतून पेशींत, पेशींतून रेणूंत, आणि रेणूंतून एका दुव्यावर येऊन ठेपला.

संस्कृतज्ञ मंडळींकडून येथें एक आक्षेप येतो. सुश्रुतानें आदिबलप्रवृत्त म्हणून व्याधींचा एक वर्गच केला असून शुक्रशोणिताच्या दोषापासून ते होतात असें सांगितलें आहे; चरकाच्या शारीरस्थानांत बीज, बीजभाग व बीजभागावयव असा सूक्ष्म विभागहि आहे; तेव्हां हें सर्व आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें, असें कित्येक विद्वान् म्हणतात. आमचें मत निराळें आहे. रोग आईबापांकडून येऊं शकतो, आणि बीजाचा जो अंश दूषित त्यास अनुसरून अपत्याच्या अवयवांत वैगुण्य येतें, असा तर्क या ग्रंथकारांनीं केला, हें खरें व भूषणास्पद आहे. परंतु बीजभागावयव म्हणजे आजच्या शास्त्रज्ञांचा जनुक, असें म्हणणें मूळ ग्रंथांत नसलेला अर्थ त्याच्यावर लादणें होय. टीकेंतील वाक्य मुळांत घुसविलें तर आपण त्यास प्रक्षेप म्हणतों. हाहि तसाच प्रक्षेप आहे. पूर्वजांस त्यांनीं केलेल्या तर्काचें श्रेय द्यावें, न केलेल्या प्रयोगाचें देऊं नये.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. १९२५ सालीं अमेरिकेंतील डेट्रॉइट येथील बालवैद्य टॉमस कूली यांनीं लहान मुलांच्या एका प्राणघातक पंडुरोगाचें वर्णन केलें. भूमध्यसमुद्राच्या कांठच्या कुटुंबांत तो विशेष दिसतो, म्हणून १९३२ सालीं समुद्रवाचक ग्रीक शब्दावरून त्यास थॅलॅसेमिया हें नांव पडलें. नांवामुळें हा परदेशींचा रोग असा समज झाला. परंतु १९३८ सालींच कलकत्त्याच्या डॉ. मुखर्जी यांनीं भारतीय रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली होती. हें साल वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

फाळणीनंतर सिंधमधून निघालेल्या हिंदु कुटुंबांपैकीं सुमारें एक लक्ष माणसें कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं उभारलेल्या लष्करी छावणींत येऊन राहिलीं. १९४९ सालच्या ८ ऑगस्ट रोजीं तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें तेथें नवीन नगराची कोनशिला बसविण्यांत आली, व नदीवरून त्यास उल्हासनगर हें नांव मिळालें. छावणीचे अनुक्रमांक मात्र लोकांच्या तोंडीं अद्याप आहेत. पॉलिंग यांचा निबंध निघाला तो याच वर्षीं, कोनशिलेनंतर चौथ्या महिन्यांत. या दोन घटनांचा परस्परांशीं कार्यकारणसंबंध कांहींच नव्हता. परंतु ज्या विद्येचा पाया तिकडे घातला गेला, तिची गरज असलेल्या मोठ्या वस्तीचा पाया इकडे त्याच वर्षीं घातला गेला. कारण थॅलॅसेमियाचें बीज सिंधी समाजांत देशाच्या सरासरीहून अधिक प्रमाणांत आढळतें.

रोगाचें स्वरूप थोडक्यांत असें आहे. बीटा सांखळी कशी घडवावी याचा लेख प्रत्येकाच्या शरीरांत दोन प्रतींत असतो, एक आईकडची व दुसरी बापाकडची. एकच प्रत अशुद्ध असल्यास मनुष्य धडधाकट असतो; फार तर त्याचें रक्त किंचित् फिकें असतें. असा वाहक आयुष्यभर आपलें वाहकपण न जाणतां राहूं शकतो. दोघेहि आईबाप वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळीं अपत्यास दोन्ही अशुद्ध प्रती मिळण्याचा संभव चारांत एक असतो. असें मूल जन्मतः निरोगी दिसतें, कारण गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिनांत बीटा सांखळीची गरज नसते. कांहीं महिन्यांनीं तें हिमोग्लोबिन ओसरूं लागलें म्हणजे मूल पांढुरकें पडतें. बीटा सांखळ्या तयार होत नाहींत. त्यांच्या जोडीच्या आल्फा सांखळ्या मात्र तयार होत राहतात, व जोड न मिळाल्यानें त्या पेशींत सांचून अस्थिमज्जेंतच पेशींचा नाश करितात. मज्जा दुप्पट खटपट करूं लागते, तीमुळें हाडें फुगतात, चेहरा बदलतो, प्लीहा वाढते. उपचार न झाल्यास मूल बहुधा बाळपणींच दगावतें. उपचार म्हणजे दर तीन-चार आठवड्यांनीं दुसऱ्याचें रक्त देणें, आणि त्यामुळें सांचणारें लोह औषधानें काढीत राहणें. आम्ही अध्यापन करीत होतों त्या काळीं वर्गांत असा एखादा विद्यार्थी असे. ठराविक दिवसांनीं तो एक दिवस गैरहजर राही, आणि दुसऱ्या दिवशीं तरतरीत होऊन येई. हजेरीपटावरील त्या नियमित रिकाम्या चौकटींचा अर्थ फार थोड्या शिक्षकांस कळत असे.

या लेखांतील अशुद्धें कोणत्या प्रकारचीं आहेत, हें पोथ्यांच्या संग्राहकांस समजावून सांगण्यास फार शब्द लागणार नाहींत. बीटा सांखळीचा लेख अकराव्या गुणसूत्रावर असून तो सुमारें सोळाशें अक्षरांचा आहे, व अक्षरें अवघीं चार आहेत. त्यांत मूळ आणि टीका अशीं एकाआड एक आलेलीं आहेत. वाचतांना पेशी टीकेचा भाग कापून टाकते व मुळाचे तीन खंड जोडून घेते. भारतांत सर्वांत अधिक आढळणारें अशुद्ध पहिल्या टीकाखंडाच्या पांचव्या अक्षरांत आहे. तेथें एका अक्षराऐवजीं दुसरें पडलें आहे. मुळांतील अक्षर एकहि बिघडलेलें नाहीं, तथापि मूळ कोठें संपतें व टीका कोठें सुरू होते ही खूण पुसट झाल्यामुळें वाचणारा चुकीच्या जागीं कापतो. दुसऱ्या एका प्रकारांत आठव्या व नवव्या शब्दांच्या दरम्यान एक अक्षर अधिक घुसलें आहे. आपल्या जुन्या पोथ्यांत शब्द तोडून लिहीत नसत. अशा ओळींत तीन-तीन अक्षरांचा शब्द धरून वाचणाऱ्यास मध्यें एक जादा अक्षर भेटलें, तर पुढचा सर्व पदच्छेद चुकत जाऊन अर्थाचा अनर्थ होईल. येथें तेंच होतें. तिसऱ्या प्रकारांत ६१९ अक्षरें सलग नाहींशीं झालेलीं आहेत. म्हणजे पोथीचें शेवटचें पानच गहाळ. हा लोप १९७९ सालीं भारतीय वंशाच्या रोग्यांत प्रथम सांपडला, आणि सिंधी व गुजराती कुटुंबांत तो विशेष आढळतो.

या अशुद्धांची वंशावळहि लाविलेली आहे. दोन पोथ्यांत एकच चूक एकाच जागीं सांपडली, तर त्या दोन्ही एका मातृकेवरून उतरल्या असें आपण मानतों. पुणें येथील भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करितांना याच तत्त्वाचा आश्रय केला. १९८२ च्या सुमारास अमेरिकन संशोधकांनीं हीच युक्ति रक्ताच्या लेखास लाविली. दोषाच्या मागेंपुढें असलेलीं इतर निरुपद्रवी पाठांतरें ताडून, कोणतें अशुद्ध कोणत्या मातृकेंतून आलें असावें याचा त्यांनीं छडा लाविला. त्यांनीं पोथीशास्त्र अभ्यासिलें नसेल. पण शाखा लावण्याचें तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

येथें एका लोकापवादाचा विचार करणें अवश्य आहे. हा रोग निर्वासितांबरोबर आला, तो अमुक एका ज्ञातीचा कलंक आहे, असें बोललेलें पुष्कळदां कानीं येतें. हें विधान पुराव्यास टिकत नाहीं. नगराची कोनशिला बसण्यापूर्वीं अकरा वर्षें तो कलकत्त्यास नमूद झाला होता. वर सांगितलेलें पहिलें अशुद्ध देशाच्या सर्व भागांत व नाना ज्ञातींत आढळतें. भारतांत शंभरांमागें सरासरी तीन ते चार माणसें वाहक आहेत. कांहीं समाजांत प्रमाण अधिक, कांहींत कमी, एवढाच भेद. प्रमाण अधिक कां, याचेंहि उत्तर १९४९ सालींच सुचविलें गेलें होतें. इंग्रज शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन, जे पुढें भारतांत येऊन भारताचे नागरिक झाले व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले, त्यांनीं असा तर्क मांडला कीं, एकच अशुद्ध प्रत असलेला मनुष्य हिंवतापापासून अधिक बचावत असावा. पुढील संशोधनानें हा तर्क बळकट केला. ज्या प्रदेशांत पिढ्यानुपिढ्या हिंवताप होता, तेथें वाहक जगले व त्यांचें बीज वाढलें. सिंधु नदीच्या कांठीं हिंवताप किती होता, हें १९२९ सालच्या उत्तर सिंधमधील भयंकर साथीवरून कळतें. तेव्हां ज्यास लोक कलंक म्हणतात, तें वस्तुतः पूर्वजांनीं एका शत्रूस तोंड दिल्याची खूण आहे. शत्रु मागें राहिला, खूण बरोबर आली. कोयत्याच्या आकाराच्या पेशींचा रोग आदिवासींत अधिक असण्याचें कारणहि हेंच. पश्चिम भारतांतील कांहीं जमातींत त्या रोगाचें बीज असल्याचें सुकुमारन्, संघवी व व्यास यांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध केलें होतें.

या विद्येंत मुंबईचा वाटा लहान नाहीं. १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय निघालें, तेथें डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं कर्करोगाच्या पेशींचा अभ्यास उभारला. १९५२ सालीं भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झालें, आणि तेथें डॉ. कमल रणदिवे यांनीं पेशी शरीराबाहेर वाढविण्याची प्रयोगशाळा चालविली. त्याच वर्षीं डॉ. भेंडे, देशपांडे व भाटिया यांनीं इंग्रज सहकाऱ्यांसह एका अपूर्व रक्तगटाची माहिती प्रसिद्ध केली. तो आज जगभर मुंबईच्याच नांवानें ओळखला जातो. या गटाच्या मनुष्यास सर्वांस चालणारें मानलेलें ‘ओ’ गटाचें रक्त दिल्यास प्राणावर बेतूं शकतें. १९५७ सालीं परळ येथें रक्तगटांचें संदर्भकेंद्र निघालें. तीच आजची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था. कुळगांवाहून परळ हा लोकलगाडीचाच प्रवास आहे. म्हणजे ज्या लेखांतील अशुद्धांविषयीं आम्ही लिहीत आहों, तो वाचणारे पंडित या परिसरापासून दूर कधींच नव्हते. दूर राहिली ती लोकांची प्रवृत्ति.

कारण हा रोग टाळण्याचा मार्ग साधा आहे. हिमोग्लोबिनाचा ए-२ नामक एक गौण प्रकार वाहकाच्या रक्तांत वाढलेला असतो, हें १९५७ पासून ठाऊक आहे. आज एका नळीभर रक्तानें वाहक ओळखतां येतो. सायप्रस व सार्डिनिया या बेटांत १९७० नंतर लोकांनीं ही परीक्षा मनापासून स्वीकारली, तेव्हां अशा रोगी बालकांचे जन्म तेथें अत्यल्प झाले. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांगविषयक कायद्यांत थॅलॅसेमियाचा समावेश झाला, आणि कोयतापेशींच्या रोगाच्या निर्मूलनासाठीं २०२३ सालीं राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. त्याच २०२३ सालीं इंग्लंडांत या दोन्ही रोगांवर जनुकाच्या लेखांत हेतुपुरस्सर फेरफार करणाऱ्या उपचारास मान्यता मिळाली. परंतु तो सामान्य कुटुंबाच्या आवांक्याबाहेरचा आहे. तूर्त सर्वांस परवडणारा उपाय एकच : विवाहापूर्वीं रक्त तपासणें. पत्रिका पाहणाऱ्या घरांत नाडी व गण यांचें टिपण मागवितात. त्याच पाकिटांत रक्ताचें टिपण असावयास कांहीं प्रत्यवाय नाहीं. दोघेहि वाहक निघाले तरी विवाह मोडलाच पाहिजे असें नाहीं. गर्भाची परीक्षा वेळेवर करून घेतां येते. न कळण्यापेक्षां कळणें केव्हांहि बरें.

शेवटीं आमच्या वाचकांच्या दप्तरांविषयीं. आपल्या संग्रहांत वंशावळ्या आहेत, तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचे उतारे आहेत, घरगुती टांचणें आहेत. यांचा उपयोग आपण वतनाचा हक्क किंवा एखाद्या पुरुषाचा काळ ठरविण्याकडे करितों, आणि जीं बालपणीं गेलीं त्यांची नोंद निरुपयोगी समजून गाळतों. लहान मुलांचें श्राद्ध करण्याचा प्रघात नसल्यामुळें तीर्थांच्या वह्यांतहि तीं येत नाहींत. प्रसिद्ध वंशवृक्षांत फक्त वाढलेल्या फांद्या दिसतात. उमलतांच गळलेलीं फुलें दिसत नाहींत. तथापि एखाद्या आजीच्या टांचणांत, जमाखर्चाच्या वहीच्या मागच्या पानावर, एकाच जोडप्याचीं दोन-तीन मुलें वर्ष-दोन वर्षांचीं असतां पांढुरकीं पडून गेल्याची नोंद असूं शकते. एवढ्यावरून निदान करतां येणार नाहीं. हिंवताप, जंत व उपासमार यांनींहि मूल पांढुरकें पडतें. परंतु त्याच कुळांत आज वाहक सांपडले, तर त्या नोंदीस अर्थ येईल, आणि एका शाखेतील दोष किती पिढ्या मागें नेतां येतो हें सांगतां येईल. शिवाय त्याच वंशावळीच्या आधारें, आज कोणकोणत्या दूरच्या चुलत घरांनीं रक्त तपासून घ्यावें, हेंहि ठरवितां येईल.

तेव्हां आमची विनंती अशी कीं, ज्यांच्या संग्रहीं अशीं टांचणें असतील त्यांनीं तीं रद्दींत घालूं नयेत, व वंशावळ छापतांना अल्पायुषी अपत्यांच्या नोंदी गाळूं नयेत. सिंधमधून आलेल्या कुटुंबांजवळ छावणीच्या आरंभींच्या वर्षांतील जे कागद असतील, तेहि आतां जुने समजून जपण्याची वेळ आली आहे. हयात कुटुंबांचीं नांवें मात्र त्यांच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करूं नयेत. अशुद्ध पाठ दाखवितांना पोथीची अप्रतिष्ठा होत नाहीं, हें आपण जाणतों. माणसांच्या बाबतींत तेवढीच सावधगिरी अधिक ठेवावी. अंबरनाथच्या शिलेवरील एका अंकासाठीं दोन थोर पंडितांनीं आपली दृष्टि शिणविली. त्या शिळेपासून हांकेच्या अंतरावर जीं मुलें आज रक्ताच्या पुढील पिशवीची वाट पाहत आहेत, त्यांच्या लेखांतील एका अक्षराकडे पाहण्यास आपणांस फुरसत नाहीं असें होऊं नये.